जी केंद्रापर्यंत येत नाही तिच्यासाठी: कॉक्स बाजारच्या रोहिंग्या छावण्यांतलं काम

प्रश्न असा आहे: "समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण झालं आहे, नंदुरबारमध्ये बालकुपोषणावर काम केलं आहे. आता बांगलादेशातल्या कॉक्स बाजारच्या रोहिंग्या निर्वासितांच्या छावण्यांमध्ये स्त्रिया आणि मुलांसोबत काम करण्याची संधी आली आहे. जाण्याआधी काय समजून घ्यावं? शिवाय आमच्या गटाने कपडे आणि दूध पावडर गोळा करायला सुरुवात केली आहे, ती कशी पाठवावी?"

आधी सामानाचं बोलू. दूध पावडर गोळा करणं आजच थांबवा. पावडर कालवायला उकळलेलं पाणी लागतं, पाणी उकळायला गॅस लागतो, बाटली धुवायला जागा आणि साबण लागतो. यातलं एक जरी कमी पडलं तरी बाळाला जुलाब लागतात, आणि तीन महिन्यांच्या बाळाचे जुलाब दोन दिवसांत जिवावर बेततात. बाळ बाटलीला लागलं की आईचं दूध आटतं. डबा संपतो तेव्हा घरात दोन्ही नसतं. म्हणूनच आपत्तीत दूध पावडर, बाटल्या, निपल यांचं दान घेऊ नये आणि सरसकट वाटू नये, असा जगभर मान्य झालेला संकेत आहे. ज्या बाळाची आई नाही, किंवा प्रयत्न करूनही दूध परत आलेलं नाही, त्याला वरचं दूध प्रशिक्षित कार्यकर्तीच्या देखरेखीखाली, मोजून, वाटी-चमच्याने मिळतं. तुमचा डबा त्या बाळापर्यंत पोहोचणार नाही. तो बाजारात जाईल किंवा ज्याला नको त्या घरात.

कपड्यांचंही तसंच. रोहिंग्या स्त्रिया साडी नेसत नाहीत. घरात थामी (लुंगीसारखं नेसायचं वस्त्र), ब्लाउज आणि ओढणी, बाहेर पडताना बुरखा, असा त्यांचा वेश असतो. सप्टेंबर २०१७ मध्ये खासगी ट्रकमधून फेकलेले जुने कपडे रस्त्याकडेला चिखलात पडून होते. बालुखाली छावणीजवळ असेच कपडे फेकले जात असताना झालेल्या चेंगराचेंगरीत एक बाई आणि दोन मुलं मेल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी नोंदवलं होतं. मदत करायची असेल तर तिथे आधीच परवानगी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला पैसे द्या. तुमचा गट नोंदणीकृत न्यास असेल तर परदेशात पैसे खर्च करण्यापूर्वी सनदी लेखापालाला विचारा. भारताबाहेरच्या खर्चाला न्यासाची करसवलत आपोआप लागू होत नाही, त्यासाठी वेगळी मंजुरी लागते.

आता मूळ प्रश्न. थोडी पार्श्वभूमी लागेल, पण थोडीच. म्यानमारच्या १९८२ च्या नागरिकत्व कायद्याने रोहिंग्यांना व्यवहारात राज्यहीन केलं. १९७८ आणि १९९१-९२ मध्येही मोठ्या संख्येने लोक बांगलादेशात आले होते. २५ ऑगस्ट २०१७ नंतरच्या लष्करी कारवाईने काही महिन्यांत सात लाखांहून अधिक माणसं सीमेवरची नाफ नदी आणि डोंगर ओलांडून आली. आज उखिया आणि टेकनाफ या दोन उपजिल्ह्यांत ३३ छावण्या आहेत. भाशान चर बेटावर आणखी तीस हजारांहून जास्त लोक आहेत. रोहिंग्यांच्या मूळ राखाइन प्रांतात म्यानमारचं लष्कर आणि अराकान आर्मी ही सशस्त्र संघटना यांच्यातल्या लढाईमुळे २०२४ पासून सुमारे दीड लाख नवे लोक आले. छावण्यांतल्या एकूण लोकांत निम्म्याहून अधिक मुलं आहेत, आणि स्त्रिया-मुलं मिळून तीन चतुर्थांशाच्या वर. बांगलादेशाने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. सरकारी कागदांत त्यांना ‘बळजबरीने विस्थापित म्यानमार नागरिक’ म्हणतात. तुमच्या अहवालात कोणता शब्द चालतो हे पहिल्याच दिवशी विचारून घ्या, कारण परवानग्या त्यावर अडतात.

आता माझं ठाम मत सांगते. छावणीतल्या कोणत्याही सेवेचं मोजमाप किती बायका आल्या यावर करू नका. एका विशिष्ट बाईला डोळ्यांसमोर धरा: वय अठरा-एकोणीस, कडेवर मूल, नवरा मलेशियात किंवा बेपत्ता, सासू घरात. ती उजेडात, एकटी, कुणाला कारण न सांगता तुमच्या केंद्रापर्यंत येऊन परत जाऊ शकते का? उत्तर नाही असेल तर तुमची सेवा तिच्यासाठी अस्तित्वातच नाही, मग रजिस्टरमध्ये रोजच्या सत्तर सह्या असोत. रोहिंग्या समाजात पडदा कडक आहे. पाळी सुरू झालेल्या मुलीचं बाहेर पडणं जवळपास थांबतं. राखाइनमध्ये घराला अंगण होतं, शेजार नात्यातला होता. इथे बांबू आणि ताडपत्रीच्या एका खोलीपलीकडे अनोळखी पुरुष राहतात, त्यामुळे बंधनं सैल होण्याऐवजी आवळली गेली. याला मागासपणा म्हणून हिणवणारा कार्यकर्ता दोन आठवड्यांत निरुपयोगी ठरतो. त्या घरांच्या दृष्टीने ती सुरक्षिततेची व्यवस्था आहे, आणि अनेकदा तिला सबळ कारण असतं.

याचा पहिला परिणाम शौचालयावर दिसतो. आपत्तीतल्या किमान मानकांनुसार माणशी रोज १५ लिटर पाणी, वीस जणांमागे एक शौचालय आणि ते घरापासून ५० मीटरच्या आत असावं. कागदावर ५० मीटर भरतात, पण डोंगरउतारावर त्याच अंतरात वाळूच्या पोत्यांच्या साठ पायऱ्या, एक नाला आणि चहाची टपरी असते. टपरीवर बसलेल्या पुरुषांसमोरून जायचं नाही म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात, कमी खातात आणि अंधाराची वाट पाहतात. अंधारात धोका वेगळा. परिणामी लघवीच्या जागी जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठता, आणि अंगावर पाजणाऱ्या आईला कमी पाणी. हे सगळं आरोग्य केंद्रात स्वतंत्र तक्रारी म्हणून येतं आणि औषध देऊन परत पाठवलं जातं. मूळ दुखणं टपरीत असतं.

उपाय साधे आहेत, पण जागेवर पाहावे लागतात. दाराला आतून कडी. फटीविना भिंत, कारण बांबूच्या चटईतून आतल्या दिव्याच्या उजेडात सावली दिसते. तोंड वर्दळीच्या वाटेकडे नको. स्त्री आणि पुरुषांच्या खोल्या शेजारी-शेजारी नकोत, मध्ये अंतर हवं, आणि खूण चित्राने हवी कारण बहुतेकींना वाचता येत नाही. दिवा शौचालयात लावून भागत नाही, वाटेवर लागतो. न्हाणीचा प्रश्न तर लोक विसरतातच. स्वतंत्र न्हाणी नसेल तर बायका घरातच एका कोपऱ्यात आंघोळ करतात, पाणी मातीत मुरतं आणि मूल त्याच ओलीत झोपतं.

पाळीचं साहित्य देताना एकदा वापरून टाकायच्या पॅडचे खोके देणं सोपं वाटतं. मात्र ते टाकायला जागा नसते, मग शौचालयात पडतात आणि खड्डा तुंबतो. धुऊन वापरायचं गडद रंगाचं सुती कापड, अंतर्वस्त्रं, साबण, झाकणाची बादली, दोरी आणि चिमटे, टॉर्च असा संच जास्त टिकतो. खरी अडचण वाळवण्याची असते. बाहेर दोरीवर टाकता येत नाही, म्हणून कापड दुसऱ्या कपड्याखाली दडपून दमट अवस्थेतच परत वापरलं जातं. जून ते सप्टेंबरच्या पावसात तर वाळतच नाही. म्हणून स्त्रियांच्या केंद्रात किंवा न्हाणीच्या आडोशाला, वरून पारदर्शक पत्रा असलेली बंद वाळवणीची जागा करा. संच वाटला आणि ही जागा केली नाही तर काम अर्धंच झालं.

पाण्याबद्दल एवढंच सांगते: २०१७ मध्ये घाईत खणलेल्या उथळ कूपनलिका शौचालयांच्या खड्ड्यांजवळ होत्या आणि त्यांचं पाणी दूषित निघालं. आता खोल कूपनलिका आणि सौरपंपावर चालणाऱ्या क्लोरीनयुक्त नळयोजना आहेत. तरीही नळावरचं स्वच्छ पाणी घरी रुंद तोंडाच्या भांड्यात हात बुडवून काढलं की बिघडतं. नळाशी दर लिटरमागे ०.२ ते ०.५ मिलिग्रॅम उर्वरित क्लोरीन सापडला म्हणून निश्चिंत होऊ नका, घरातल्या भांड्यातलंही पाणी तपासा. टेकनाफकडे उन्हाळ्यात भूजल अपुरं पडतं, तिथे रांगा लांबतात आणि रांगेत मुली उभ्या असतात. शाळेची वेळ त्या रांगेत जाते.

शिध्याचं गणित तुम्हाला रोज लागेल. जागतिक अन्न कार्यक्रमाचं माणशी मासिक साहाय्य १२ डॉलरचं होतं. निधी आटल्यामुळे मार्च २०२३ मध्ये ते १० वर आणि जून २०२३ मध्ये ८ वर आलं. पुढे टप्प्याटप्प्याने वाढवलं. मार्च २०२५ मध्ये ते थेट ६ डॉलरवर नेण्याची घोषणा झाली होती, ती ऐनवेळी टळली. मदत ई-व्हाउचरच्या कार्डावर येते आणि नेमलेल्या दुकानातून तांदूळ, डाळ, तेल, भाजी, अंडी घेता येतात. शिधा घटला की पहिल्यांदा अंडी आणि मासे जातात, मग आई आपलं जेवण कमी करते, मग दागिने, मग बारा-तेरा वर्षांचा मुलगा कामाला लागतो, मग मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू होतात. शिध्यातल्या कपातीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत बालविवाह आणि बालमजुरीची प्रकरणं वाढतील असं धरूनच मनुष्यबळ आखा.

कार्ड कुणाच्या नावावर आहे हे दर वेळी विचारा. बहुधा कुटुंबाचं एकच कार्ड असतं. नवऱ्याने टाकलेली बाई, दुसरी बायको, सासरातून हाकललेली विधवा, यांचं नाव त्याच कार्डावर अडकलेलं असतं आणि शिधा तो घेऊन जातो. कार्ड वेगळं करून घ्यायला संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची नोंदणी कचेरी आणि छावणीप्रमुख (‘कॅम्प इन चार्ज’, हा सरकारी अधिकारी असतो) यांच्याकडे जावं लागतं. मधल्या काळात ती काय खाणार, याची सोय पहिल्याच भेटीत लावा. उपाशी बाईला समुपदेशनाला बोलावणं क्रूरपणाचं आहे. नवं बाळ आल्यावर त्याचं नाव नोंदीत घालणंही असंच लगेच करायचं काम, कारण नोंद नाही तर वाटाही नाही. वाटप केंद्रावर गरोदर, वृद्ध, अपंग आणि एकट्या बायकांची रांग वेगळी ठेवा आणि ओझं घरपोच नेणारे हमाल संस्थेनेच नेमा. नाहीतर तीस किलोचं पोतं वाहून देणारा कुणीतरी भेटतो आणि तो मोबदला मागतो. तो मोबदला नेहमी पैशातच असतो असं नाही.

कुपोषणाच्या कामात तुमचा नंदुरबारचा हात उपयोगी पडेल. दंडाचा घेर मोजायची पट्टी तीच, कुपोषण ठरवायच्या सीमाही त्याच: ६ ते ५९ महिन्यांच्या मुलाचा दंडघेर ११५ मिलिमीटरखाली म्हणजे अतितीव्र, ११५ ते १२५ च्या आत मध्यम. दोन्ही पायांवर दाबल्यावर खळगा पडणारी सूज असेल तर दंडघेर कितीही असो, ते अतितीव्रच. पट्टी डाव्या हाताच्या खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून. घाईत ती कोपराकडे सरकते किंवा आवळली जाते, आणि दोन मिलिमीटरच्या चुकीने मूल यादीतून गळतं किंवा उगाच आत येतं. मग भूक-चाचणी, म्हणजे मूल समोर खातं का ते पाहणं. मूल उपचारी आहार (पाकिटातलं तयार पौष्टिक खाणं) खात असेल आणि दुसरी गुंतागुंत नसेल तर घरीच उपचार. खात नसेल, ताप-उलट्या असतील किंवा सुस्त असेल तर दाखल. ९२ ग्रॅमच्या एका पाकिटात ५०० कॅलरी असतात. आठ किलोच्या मुलाला दिवसाला सुमारे तीन पाकिटं, म्हणजे आठवड्याला एकवीस.

वजन वाढत नसेल तर आईला रागावण्याआधी घरात किती मुलं आहेत ते पाहा. पाच भुकेली भावंडं समोर बसलेली असताना कुठलीही आई एकट्याला पाकीट देत नाही. अशा वेळी घराचा शिधा तपासा, बाकीच्या मुलांची पट्टी लावा, आणि पाकीट केंद्रावर समोर खाऊ घालण्याची सोय होते का ते बघा. जुलाब सुरू असतील तर जलसंजीवनीसोबत झिंक: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याखाली १०, दहा ते चौदा दिवस. तीन दिवसांत जुलाब थांबतात आणि गोळ्या बंद होतात, ही नेहमीची चूक.

बाळंतपणाची अडचण मुख्यतः रात्रीची आहे. मदतसंस्थांचे लोक संध्याकाळपूर्वी छावणीबाहेर पडतात आणि रात्री सशस्त्र टोळ्यांची भीती असते. कळा रात्री सुरू झाल्या की पुरुषाची परवानगी, दिवा, उतार आणि वाहन यांत तास जातात. चोवीस तास चालणारी केंद्रं आहेत, पण घरापासून पक्क्या रस्त्यापर्यंत बाईला खुर्चीवर किंवा झोळीतून आणावं लागतं. म्हणून सातव्या महिन्यातच प्रत्येक घरी चार गोष्टी ठरवून ठेवा: परवानगी कोण देणार (सासरा की सासू), उचलणारे चार जण कोण, बाकीची मुलं कुणाकडे, आणि कुणाला फोन करायचा. दाईला शत्रू करू नका. बायका तिच्यावर विश्वास ठेवतात. तिने धोक्याची लक्षणं ओळखून सोबत केंद्रापर्यंत यावं आणि तिथे तिला मानाने आत घ्यावं, एवढं जमलं तर घरची बाळंतपणं आपोआप कमी होतात. रक्तस्राव, झटके, तीव्र डोकेदुखीसह धूसर दिसणं, बारा तासांहून लांबलेल्या कळा, घाण वासाचा स्राव: ही लक्षणं चित्रांवर दाखवा. घरीच बाळंतपण झालं तर स्वच्छ प्रसूती संच (प्लास्टिकची चादर, साबण, हातमोजे, नवं पातं, नाळ बांधायला दोरा, बाळ पुसायला कापड) आणि बाळ बाहेर आल्यावर लगेच रक्तस्राव रोखणारी ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल. पोटात दुसरं बाळ नाही याची खात्री झाल्याशिवाय ती गोळी द्यायची नाही, हे दाईच्या तोंडी पाठ हवं.

लैंगिक हिंसेच्या बाबतीत घड्याळ महत्त्वाचं आहे. एचआयव्हीपासून संरक्षणाचं औषध ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यायचं असतं. गर्भधारणा टाळण्याची गोळी १२० तासांपर्यंत चालते, जितकी लवकर तितकी परिणामकारक. शिवाय लैंगिक आजारांवरचे प्रतिजैविक, हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस. पाच दिवस उलटून गेल्यावर आलेल्या बाईलाही परत पाठवायचं नाही. जखमा, संसर्ग, गर्भधारणा-चाचणी, मनाचा आधार हे सगळं बाकी असतं. बांगलादेशात ठरावीक आठवड्यांपर्यंत पाळी नियमित करण्याची (म्हणजे पाळी चुकल्यावर गर्भाशय रिकामं करून ती परत आणण्याची) सेवा कायदेशीर चौकटीत मिळते, ती कुठल्या केंद्रावर मिळते हे तुम्हाला माहीत हवं. उपचारासाठी पोलीस तक्रारीची अट घालू नका. भारतात पॉक्सो कायद्याखाली (मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा) पोलिसांना कळवणं बंधनकारक असल्यामुळे आपल्याकडच्या कार्यकर्त्यांचा हात आधी फोनकडे जातो. तिथला कायदा आणि तिथली कार्यपद्धती वेगळी आहे, ती पहिल्या आठवड्यात वाचून काढा.

त्या बाईने स्वतःहून सांगितल्याशिवाय काय घडलं ते खोदून विचारू नका. ऐका, आत्ता ती सुरक्षित आहे का ते पाहा, कोणत्या सेवा आहेत ते सांगा, आणि निर्णय तिच्यावर सोडा. तिची संमती ही प्रत्येक पुढच्या पावलासाठी वेगळी असते. डॉक्टरकडे जायला हो म्हणाली म्हणजे माहिती कायदा-साहाय्य करणाऱ्याला द्यायलाही हो म्हणाली असं होत नाही. फाइलवर नाव नको, क्रमांक हवा. संमतीपत्र वेगळ्या कुलुपात. हिंसेची बरीचशी प्रकरणं नवऱ्याकडून होणाऱ्या मारहाणीची असतात, त्यामुळे मध्यस्थीचा आग्रह होतो. वस्तीप्रमुख (तिथे त्याला ‘माझी’ म्हणतात) दोघांना समोरासमोर बसवून मिटवायला बघतो. त्या बैठकीत आपण बसायचं नाही आणि तिचा पत्ता त्याला द्यायचा नाही. मदत मागितल्याचं उघड झाल्यावर पुढची मारहाण जास्त होते.

म्हणूनच हिंसेविरोधी सेवेची पाटी लावलेलं केंद्र चालत नाही. जिथे शिवण, विणकाम, मुलांची तपासणी, साबणाचं वाटप आणि समुपदेशन एकाच दारातून होतं, तिथे बाई कारण न सांगता येऊ शकते. बायका अशा जागांना ‘शांतीखाना’ म्हणतात. आत एक बंद खोली हवी जिच्यातला आवाज बाहेर येत नाही; ताडपत्रीची भिंत यासाठी पुरत नाही. त्रासाची भाषाही शरीराची असते: अशांती वाटते, अंग जळतं, डोकं तापतं. ते डोकेदुखी म्हणून लिहून पॅरासिटामॉल देऊ नका.

मुलांमध्ये सर्वात तातडीचं काम एकटी पडलेली आणि पालकांपासून तुटलेली मुलं ओळखण्याचं. नव्याने आलेल्यांत पहिल्या ४८ तासांत घेतलेली माहिती सोन्यासारखी, कारण सोबत आलेले गाववाले नंतर वेगवेगळ्या छावण्यांत पांगतात. रोहिंग्यांत आडनावाची पद्धत नाही आणि एकच नाव नोंदीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं, म्हणून शोध नावावर चालत नाही. गाव, पाडा, मशिदीचं नाव, वडील आणि आजोबांची नावं, मुलाचं घरचं लाडकं नाव, अंगावरची खूण, शेवटचं कुणासोबत पाहिलं, हे लिहा. जन्मतारीख माहीत नसते. रमजान, भातकापणी, मोठं वादळ यांच्या आधारे वय काढा. मूल आत्या-मावशीकडे किंवा शेजाऱ्याकडे असेल तर घाईने उचलून दुसरीकडे नेऊ नका. भेटी देत राहा, ते शाळेत जातं की पाणी भरतं ते पाहा. अशा घरांना रोख रक्कम जाहीरपणे देऊ नये. दिली की पुढच्या महिन्यात ‘एकट्या’ मुलांची संख्या वाढते, कारण आईबापच मूल नातेवाइकाकडे ठेवतात. मदत त्या घराच्या गरिबीच्या निकषावर, इतर घरांबरोबर द्या. एका कार्यकर्तीकडे एका वेळी पंचवीसहून जास्त प्रकरणं नसावीत हे मानक आहे. चाळीस दिली तर भेटी कागदावरच होतात.

किशोरवयीन मुली हा सर्वात गळणारा गट. डिसेंबर २०२१ पासून म्यानमारचा अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने आणला गेला, आणि पालकांना तो मोलाचा वाटला कारण त्यात परतण्याची आशा आहे. तरीही मिश्र वर्गात पाळी आलेली मुलगी पाठवत नाहीत. फक्त मुलींचा वर्ग, शिक्षिका, आणि घरापासून वर्गापर्यंत गटाने नेणारी वयस्कर बाई, या तिन्ही गोष्टी एकत्र असतील तर मुली येतात; दोन असल्या तरी येत नाहीत. सोबत करणाऱ्या बाईचा भत्ता हा खर्च कपातीत सगळ्यात आधी छाटला जातो, त्यासाठी भांडा. २०२५ च्या मध्यात निधीअभावी शिक्षण केंद्रं बंद ठेवावी लागली तेव्हा मुलं कामाच्या आणि दलालांच्या तोंडी गेली. पावसाळा संपून समुद्र शांत झाला की, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून, मलेशियाकडे जाणाऱ्या बोटी भरतात. त्यांत लग्न ठरवून पाठवलेल्या मुली असतात. जनजागृती सप्टेंबरमध्ये करा, डिसेंबरमध्ये उशीर झालेला असतो.

भाषेत मराठी माणसाला थोडा फायदा आहे. अनेकांना मोडकी हिंदी-उर्दू कळते. पण त्यावर गंभीर संभाषण करू नका. तिथल्या स्थानिक लोकांची चाटगावची बोली रोहिंग्या भाषेला जवळची असली तरी एक नाही, आणि आजारपण, शरीर, पाळी यांचे शब्द नेमके तिथेच वेगळे पडतात. दुभाषी बाईच हवी, त्याच गल्लीतली नको, आणि मुलाला किंवा नवऱ्याला दुभाषी करू नका. पत्रकं छापू नका. आवाजी संदेश आणि चित्रं चालतात. रोहिंग्या स्वयंसेविका हा तुमच्या कामाचा कणा आहे आणि घराबाहेर काम करतात म्हणून त्यांना धमक्या आल्या आहेत. त्यांच्या कामाचे तास उजेडात ठेवा, ओळखपत्र गळ्यात न घालण्याची मुभा द्या, आणि फोटोत त्यांना दाखवू नका.

फोटो आणि जबान्यांबद्दल कडक राहा. २०१७ मध्ये बलात्कार सोसलेल्या एकेका बाईला अनेक पत्रकारांनी आणि संस्थांनी तोच प्रसंग पुन्हा पुन्हा सांगायला लावला. यात तिची जखम उघडी होतेच, शिवाय वेगवेगळ्या दुभाष्यांमुळे तपशिलांत पडलेला फरक पुढे न्यायालयात तिच्याविरुद्ध जाऊ शकतो. गांबियाने म्यानमारविरुद्ध आंतरराष्ट्रीय न्यायालयात २०१९ मध्ये दावा दाखल केला आहे आणि पुरावे गोळा करण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची स्वतंत्र यंत्रणा आहे. जबानी घेणं त्यांचं काम, आपलं नाही. देणगीदाराला कहाणी हवी असेल तर नाही म्हणायला शिका.

आग आणि वादळ ही तिथली नेहमीची संकटं. २२ मार्च २०२१ च्या बालुखालीतल्या आगीत सुमारे ४५,००० लोक बेघर झाले आणि काटेरी कुंपणामुळे अनेकांना बाहेर पडता आलं नाही. पक्क्या बांधकामाला परवानगी नसल्याने घरं बांबू-ताडपत्रीचीच राहतात. वादळाच्या इशाऱ्यासाठी एक, दोन, तीन झेंडे लावतात; घरात असलेल्या बाईला झेंडा दिसत नाही, म्हणून दारोदार सांगणाऱ्या स्वयंसेविका नेमा. पुरुष घरी नसताना बाहेर पडायला हरकत नाही हे इमामाकडून आधीच, शांत दिवसांत वदवून घ्या. मुलांच्या मनगटावर नाव आणि गल्ली क्रमांकाचा पट्टा बांधा. आगीनंतर हरवलेली मुलं शोधण्यात यानेच सर्वात जास्त वेळ वाचतो.

करारावर सही करण्याआधी संस्थेला या गोष्टी लेखी विचारा. त्यांच्या प्रकल्पाला बांगलादेशच्या एनजीओ ब्यूरोची मंजुरी कधीपर्यंत आहे? तुमचा व्हिसा कोणत्या प्रकारचा असेल? पर्यटक व्हिसावर या म्हणत असतील तर जाऊ नका. छावणीत शिरण्याचा परवाना निर्वासित मदत आणि पुनर्वसन आयुक्तांच्या कचेरीतून कोण काढणार? तुमच्यावर देखरेख करणारी व्यक्ती किती जणींना सांभाळते? पाच-सहाहून जास्त असतील तर तुम्हाला आधार मिळणार नाही. कर्मचाऱ्यांकडून होणाऱ्या लैंगिक शोषणाची तक्रार कुठे करायची, आणि छावणीतल्या अक्षरओळख नसलेल्या बाईला ती वाट माहीत आहे का? शेवटच्या प्रश्नावर त्यांनी तक्रारपेटीकडे बोट दाखवलं, तर ती पेटी कुठे टांगली आहे आणि तिच्यासमोर कोण बसलेलं असतं, तेही विचारा.